कासवाची थंडी आणि माणसाची माया

महाराष्ट्रातील अनेक जुन्या देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव कोरलेले आढळते. दर्शनास जाणारा भाविक त्याला नमस्कार करून मगच पुढे पाऊल टाकतो. भगवद्गीतेने स्थितप्रज्ञाचे लक्षण सांगताना अवयव आत आवरून घेणाऱ्या कासवाचा दृष्टांत योजला आहे. कासवी पिलांना दूध पाजीत नाही, केवळ प्रेमळ दृष्टीने ती त्यांना वाढविते, अशी कल्पना करून आपल्या संतांनी ईश्वरी कृपेचे वर्णन केले आहे. काव्य म्हणून ही कल्पना हृद्य आहे. प्रत्यक्षात कासवी जमिनीत खळगा करते, त्यात अंडी घालते, वर माती सारखी करते आणि निघून जाते. पुढचे काम सूर्याचे असते. मातीत मुरलेली त्याची ऊब अंडी उबविते. इतकेच नव्हे, तर अनेक जातींत पिलू नर निपजावे की मादी, हेही त्या मातीच्या तपमानावर ठरते.

जन्माआधीपासून सूर्याशी असा बांधला गेलेला हा प्राणी माणूस जेव्हा अंगणात आणून ठेवतो, तेव्हा हिवाळ्यात एक अवघड प्रश्न उभा राहतो. कासवाला थंडी वाजते काय? वाजत असल्यास त्याला ऊब द्यावी कशी? हा प्रश्न वरवर पाहता हौशी मंडळींचा वाटतो. तथापि गावात एखाद्या घरी कासव पाळलेले आढळते, शाळेतील मुले शेताच्या बांधावरून कासव उचलून आणतात, छाप्यात पकडलेली कासवे रात्रभर एखाद्या कार्यालयात ठेवावी लागतात. अशा वेळी हाच प्रश्न शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि शासकीय कर्मचारी यांच्यापुढेही येतो. त्याचे शास्त्रीय उत्तर ठाऊक नसल्यास मायेपोटी केलेली गोष्टच कासवाच्या जिवावर बेतते.

स्वतःची ऊब नसलेला जीव

गाय, कुत्रा, कोंबडी किंवा माणूस यांच्या शरीरात अन्न जळून सतत उष्णता निर्माण होत असते. बाहेर कितीही गारठा असला तरी निरोगी माणसाच्या शरीराचे तपमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर राहते. म्हणून आपण घोंगडी पांघरतो तेव्हा ऊब येते ती घोंगडीची नसते, आपलीच असते. घोंगडी ती बाहेर जाऊ देत नाही, एवढेच.

कासवाचे तसे नाही. साप, सरडा, मगर यांप्रमाणे तेही सरीसृप वर्गातील प्राणी आहे. शरीर तापविण्याइतकी उष्णता त्याच्या देहात तयार होत नाही. भोवतालची हवा आणि जमीन जितकी उबदार, तितकाच त्याचा देह उबदार. साहजिकच गार पडलेल्या कासवाला गोणपाटात गुंडाळून ठेवल्यास ते गोणपाटात गार पडून राहते. उलट सकाळी ऊन पडल्यावर त्याची उष्णता आत पोहोचण्यास विलंब होतो. कासवाला ऊब पांघरता येत नाही, ते ऊब असेल तिथे चालत जाते. ही एक गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे पुढील सर्व व्यवस्था आपोआप उलगडत जाते.

शरीराचे तपमान उतरले की कासवाच्या देहातील सर्व व्यवहार मंदावतात. हृदयाचे ठोके व श्वास कमी होतात, हालचाल थांबते. तपमान साधारणतः १५ अंशांच्या खाली दीर्घकाळ राहिल्यास पोटातील अन्न पचेनासे होते आणि तेथेच कुजू लागते. रोगजंतूंशी लढण्याची शक्तीही क्षीण होते. म्हणून थंडीने कासव दगावते, असे आपण म्हणतो तेव्हा ते बहुधा एका रात्रीत गोठून मरत नाही. काही आठवडे अर्धवट गारठ्यात राहून, अपचनाने आणि फुप्फुसाच्या विकाराने ते हळूहळू खचत जाते. त्याची कोणतीही तक्रार ऐकू येत नसल्यामुळे मालकाच्या लक्षात ही गोष्ट फार उशिरा येते.

झोपणारी आणि न झोपणारी

जमिनीवर राहणाऱ्या कासवांचे थंडीच्या दृष्टीने दोन गट पडतात. काही जाती हिवाळा शीतनिद्रेत घालवितात, काहींना शीतनिद्रा ठाऊकच नसते. आपल्यापुढील कासव कोणत्या गटातील आहे हे ओळखल्याशिवाय त्याच्या उबेची कोणतीही योजना करणे धोक्याचे होय.

पहिल्या गटाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधील आहे. हॅम्पशायर परगण्यातील सेलबोर्न या खेड्यात गिल्बर्ट व्हाइट नावाचे पाद्री राहत असत. त्यांच्या आत्याकडे भूमध्य सागराच्या परिसरातून आलेले एक कासव अनेक वर्षे होते. त्याला टिमथी म्हणत. आत्याच्या निधनानंतर १७८० च्या मार्च महिन्यात व्हाइट यांनी ते मातीतून उकरून काढले आणि घोडागाडीतून सुमारे ८० मैल दूर आपल्या बागेत आणले. प्रवासाच्या हिसक्यांनी कासव जागे झाले, बागेत थोडे फिरले आणि संध्याकाळी गारठा पडताच पुन्हा भुसभुशीत मातीत गाडून घेऊन झोपी गेले. व्हाइट यांनी १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या सेलबोर्नच्या निसर्गेतिहासात या कासवाच्या दिनक्रमाच्या बारीक नोंदी आहेत. नोव्हेंबरात ते जमिनीत शिरे आणि एप्रिलच्या मध्यास बाहेर येई. शरद ऋतूत ऊन कोवळे झाले की ते भिंतीला टेकून आपले कवच तिरपे उभे करी, जेणेकरून उन्हाची तिरीपही वाया जाऊ नये. पाठीवरून भरलेली गाडी गेली तरी न फुटणारे कवच असूनही पावसाचे चार थेंब पडताच ते आडोशाला पळे. ऊन गाठावे आणि ओल टाळावी, हे कासवाच्या हिवाळ्याचे सगळे शास्त्र या दोन नोंदींत सामावलेले आहे. व्हाइट १७९३ मध्ये वारले आणि पुढच्या वर्षी टिमथीही गेला. टिमथी नर नसून मादी होती, हे कवचाच्या तपासणीवरून नंतर निष्पन्न झाले. ते कवच लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे.

टिमथीच्या जातीची कासवे पुढे विसाव्या शतकात भूमध्य सागराच्या काठावरून ब्रिटनमध्ये लाखोंनी आणली गेली व बाजारात स्वस्तात विकली गेली. त्यांना झोपण्यापूर्वी काय लागते याची माहिती घेणाऱ्यांना नव्हती. प्रवासात उपाशी व तहानलेली राहिलेली असंख्य कासवे पहिल्याच हिवाळ्यात मेली. अखेर १९८४ साली युरोपीय समुदायाने या व्यापारी आयातीवर बंदी घातली. मध्य आशियातील कासव आणि अमेरिकेच्या नैऋत्येकडील वाळवंटी कासव हीदेखील शीतनिद्रा घेणाऱ्या गटातील आहेत.

दुसऱ्या गटात उष्ण प्रदेशातील कासवे येतात. सहारा वाळवंटाच्या दक्षिण सीमेवरील सुल्काटा हे मोठे कासव, आफ्रिकेतील ठिपक्यांचे बिबट कासव आणि आपल्या देशातील तारांकित कासव ही त्यांपैकी होत. तारांकित कासव गुजरात व राजस्थानच्या कोरड्या भागांत, दक्षिणेत आंध्र प्रदेश, कर्नाटक व तमिळनाडूमध्ये, तसेच श्रीलंकेत व पाकिस्तानच्या सिंध प्रांतात आढळते. काळसर पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असल्यामुळे त्याला हे नाव पडले. थंडीच्या दिवसांत ते झुडपाखाली किंवा गवतात दबून राहते आणि दुपारच्या उन्हात चरावयास निघते. ते सुस्तावते, परंतु महिनोन् महिने झोपत नाही. अशा कासवाला झोपेल म्हणून गारठ्यात ठेवणे म्हणजे त्याला मृत्यूच्या दारात नेऊन सोडणे होय.

शीतनिद्रेची व्यवस्था

जेथे शीतनिद्रा नैसर्गिक आहे, तेथेही ती सुरक्षित व्हावी यासाठी काही नियम पाळावे लागतात. ब्रिटनमधील पशुवैद्यकांच्या व पालकांच्या अनेक वर्षांच्या अनुभवातून हे नियम सिद्ध झाले आहेत.

पहिला नियम प्रकृतीचा. आजारी, कृश किंवा नुकत्याच आणलेल्या कासवाला झोपू देत नाहीत. ऑलिफंट जॅक्सन या ब्रिटिश पशुवैद्यकांनी कासवाची लांबी आणि वजन यांचे प्रमाण मांडले. त्यावरून कासवाच्या अंगी झोपेत पुरेल इतका साठा आहे की नाही याचा अंदाज घेता येतो.

दुसरा नियम पोटाचा. झोपण्यापूर्वी, कासवाच्या आकारमानाप्रमाणे, दोन ते चार आठवडे अन्न बंद करतात. पोटात अन्न शिल्लक राहिल्यास ते झोपेत कुजते. पाणी मात्र या काळात दिले जाते. उथळ परातीत कोमट पाण्यात कासवाला रोज थोडा वेळ ठेवतात, म्हणजे ते पोटभर पाणी पिते.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा नियम तपमानाचा. शीतनिद्रेसाठी सुमारे ५ अंश सेल्सिअस हे तपमान योग्य समजले जाते. शून्याखाली पारा गेल्यास डोळ्यांना व इतर अवयवांना कायमची इजा होते. १० अंशांच्या वर तो राहिल्यास कासव अर्धवट जागे होते आणि खाणेपिणे नसताना अंगातील साठा जाळू लागते. हे तपमान स्थिर राहावे म्हणून ब्रिटनमध्ये अनेक जण कासवाची पेटी चक्क घरगुती फ्रीजमध्ये ठेवतात व हवेसाठी काही दिवसांच्या अंतराने त्याचे दार उघडतात. वाचणाऱ्यास हे विचित्र वाटेल. पण उघड्या बागेतील चढत्या-उतरत्या पाऱ्यापेक्षा ही व्यवस्था कासवाला अधिक मानवते. झोपेच्या काळात कासवाचे अधूनमधून वजन करतात. मूळ वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास घट झाल्यास त्याला उठविणे आवश्यक ठरते.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात याहून निराळी पद्धत आहे. तेथील वन्यजीव विभाग पाळीव अवस्थेतील वाळवंटी कासवे नागरिकांना कायदेशीररीत्या सांभाळावयास देतो. मात्र अंगणात योग्य बीळ बांधणे ही त्यासाठी आवश्यक गोष्ट असते. जमिनीत चर खणून, काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या भिंती व मजबूत छत करून त्यावर मातीचा जाड थर टाकतात. पावसाचे पाणी आत शिरू नये अशा बेताने बिळाचा उतार व मुख ठेवतात. येथे ऊब विजेची नसते, मातीची असते. जमिनीचे तपमान हवेच्या मानाने फार सावकाश बदलते. रात्री हवा गोठली तरी मातीच्या थराखाली दिवसाची ऊब टिकून राहते. आपल्याकडील जाड मातीच्या भिंतींची जुनी घरे हिवाळ्यात उबदार का वाटतात, याचेही कारण हेच.

अंगणातील उबदार घर

शीतनिद्रा न घेणाऱ्या कासवाला हिवाळाभर खाते, फिरते ठेवावे लागते. सुल्काटा कासव पूर्ण वाढल्यावर ४०-५० किलो वजनाचे होत असल्यामुळे त्याला घरात ठेवणे शक्य नसते. म्हणून अमेरिकेतील उबदार राज्यांत अंगणातच रात्रीचे घर बांधण्याची पद्धत रूढ झाली. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण वनविभागाच्या ताब्यातील कासवांच्या निवाऱ्यासही तीच तत्त्वे लागू पडतात.

हे घर प्रशस्त नसावे. कासवाला आत सहज वळता यावे इतकेच ते मोठे असावे. मोठी पोकळी तापविण्यास अधिक उष्णता लागते आणि ती लवकर निवते. भिंती जाड प्लायवूडच्या दुहेरी करून मधल्या पोकळीत थर्मोकोलसारखा उष्णतारोधक पदार्थ भरावा. तो आतून उघडा राहू नये, कारण कासव तो कुरतडते. छतालाही असाच थर द्यावा, कारण उबदार हवा वर जाते व बरीच उष्णता छतातूनच निसटते. तळ जमिनीपासून थोडा उंच उचललेला असावा, म्हणजे भुईची ओल वर चढत नाही. दरवाजा दक्षिणेकडे किंवा आग्नेयेकडे ठेवावा. त्यामुळे हिवाळ्यातील ऊन सकाळपासून दारात येते व उत्तरेचा गार वारा आत शिरत नाही. दारावर जाड प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा सोडला म्हणजे कासवाला ये-जा करता येते आणि ऊबही टिकते. आत कोरडे गवत घालावे व ओले होताच ते बदलावे.

उष्णतेचे साधन वरच्या बाजूस किंवा भिंतीवर, कासवाचा स्पर्श होणार नाही अशा अंतरावर पक्के बसवावे. याकरिता उष्णता देणारे सपाट फलक किंवा जाळीआड ठेवलेले तेलाचे विद्युत तापक वापरतात. थर्मोस्टॅटशिवाय कोणतेही साधन वापरू नये. सुल्काटासाठी रात्री २५ अंशांच्या आसपास तपमान राखतात. तारांकित कासवासाठी ते २० अंशांच्या खाली जाऊ न देणे इष्ट. तापमापक भिंतीवर उंच न टांगता कासवाच्या पाठीच्या उंचीवर लावावा, कारण आपणास मोजावयाची आहे ती कासवाची हवा, माणसाची नव्हे.

घराचा एक भाग अधिक उबदार व दुसरा किंचित थंड असणे मात्र आवश्यक आहे. निसर्गात कासव कधी उन्हात तर कधी सावलीत जाऊन आपले तपमान स्वतःच सांभाळते. ती निवड आपण हिरावून घेतली तर गारठ्याऐवजी उष्म्याने त्याचा जीव जातो. दिवसा तर त्याने बाहेर उन्हातच असावे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते व त्यावर हाडांची आणि कवचाची बळकटी अवलंबून असते. खिडकीची काच हे किरण बहुतांशी अडविते. म्हणून काचेमागील ऊन कासवाला ऊब देते, पण त्याची ही गरज भागवीत नाही.

मायेने होणाऱ्या चुका

थंडीत कासव सुस्त दिसले की घरातील माणसे कळवळून काही उपाय करतात. त्यांतील अनेक उपाय घातक असतात. चुलीजवळ किंवा शेगडीच्या कडेला ठेवलेल्या कासवाचे कवच भाजते. कवच हे निर्जीव टरफल नाही. त्याखाली हाड, रक्तवाहिन्या व संवेदना असतात. पोटाखाली तापणारी गादी किंवा गरम दगड ठेवल्यास पोट भाजत असल्याचे कासवाच्या वेळीच लक्षात येत नाही. गरम पाण्यात बुडविल्याने तपमान एकदम चढते व हृदयावर ताण पडतो. खोक्यात बल्ब लोंबकळत ठेवून वर गवत घातल्यास आगीचा धोका असतो. सुस्त कासवाच्या तोंडात दूधभात कोंबणे तर सर्वथा चुकीचे, कारण गार पडलेले पोट ते पचवू शकत नाही. शिवाय दूध हे कासवाचे अन्नच नव्हे.

गारठा आणि ओल एकत्र आले की कासवाच्या श्वसनमार्गाला विकार जडतो. नाकातून पाणी किंवा बुडबुडे येणे, तोंड उघडून मान ताणून श्वास घेणे, श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येणे, डोळे सुजणे व खाणे सोडणे ही त्याची लक्षणे होत. ती दिसताच कासवाला कोरड्या, उबदार जागी हलवून पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. माणसाची औषधे देऊ नयेत.

महाराष्ट्रातील हवामानाचा विचार करता येथे आणखी एक अडचण ध्यानात येते. कोकणपट्टी वगळता राज्याच्या बहुतेक भागांत हिवाळ्यात दुपार उबदार व पहाट कडाक्याची असते. नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात पारा ५ अंशांच्या खाली उतरल्याच्या नोंदी वारंवार होतात. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी तो ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. तरीही दुपारी ऊन चांगले तापते. म्हणजे झोपणाऱ्या कासवाला येथे नीट झोप लागत नाही आणि न झोपणाऱ्याला उघड्यावर रात्र काढवत नाही. परदेशी पुस्तकांतील सूचना जशाच्या तशा येथे लागू करणे त्यामुळे योग्य ठरत नाही.

कायदा काय सांगतो

येथवर वाचल्यावर एखाद्यास अंगणात असे घर बांधून तारांकित कासव पाळावे असे वाटेल. ते करता येणार नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली सुधारणा झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. त्यानुसार तारांकित कासव पहिल्या अनुसूचीत आहे. ते पकडणे, बाळगणे, विकणे वा विकत घेणे हा गुन्हा असून त्यास ३ ते ७ वर्षांपर्यंत कारावास व किमान २५,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे. आंतरराष्ट्रीय व्यापाराबाबतच्या सायटिस करारातही २०१९ साली या कासवाला पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत घेण्यात आले. घरात कासव ठेवल्याने धन येते, किंवा वीस नखांच्या कासवाने गुप्तधन सापडते, या समजुतींना कोणताही आधार नाही. त्यांच्यामुळे तस्करांचे मात्र फावते.

सुल्काटासारखी विदेशी कासवे ज्यांच्यापाशी आहेत, त्यांनाही जबाबदारी टळत नाही. सायटिसच्या यादीतील, म्हणजेच अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांनी त्यांची नोंदणी करणे २०२४ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. ही नोंदणी केंद्र शासनाच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर होते. प्राण्याचा जन्म, मृत्यू व हस्तांतरण हेही कळवावे लागते.

सांभाळणे जड गेले म्हणून असे कासव रानात किंवा तळ्यात सोडून देणे हा तर सर्वांत वाईट मार्ग होय. अमेरिकेचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. मोहावी वाळवंटातील कासवाला तेथील शासनाने १९९० साली संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली संरक्षण दिले. त्याच्या ऱ्हासाच्या कारणांत श्वसनमार्गाच्या एका संसर्गजन्य विकाराचाही समावेश होता. पाळीव कासवांबरोबर असे रोग रानात पोहोचू नयेत म्हणून ॲरिझोनात पाळलेली कासवे पुन्हा निसर्गात सोडण्यास मनाई आहे.

गावपातळीवर काय करता येईल

आपल्या तळ्यांत व ओढ्यांत राहणारी कासवे हिवाळ्यात चिखलात वा पाणवनस्पतींच्या मुळांशी निपचित पडलेली आढळतात. ती मेलेली नसतात. शेतात काम करताना किंवा तळ्याचा गाळ काढताना असे कासव दिसल्यास, त्याला इजा झालेली नसेल तर, ते त्याच पाणवठ्याच्या काठी सुरक्षित जागी राहू द्यावे. घरी आणू नये. ही कासवे मेलेले मासे व इतर कुजके पदार्थ खाऊन पाणी स्वच्छ राखण्यास हातभार लावतात. तळ्यातील कासव ही गावाची एक प्रकारे संपत्तीच आहे.

जखमी कासव किंवा कोणाच्या घरी बेकायदा ठेवलेले तारांकित कासव आढळल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर अथवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयास कळवावे. कर्मचारी येईपर्यंत कासवाला हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, तळाशी कोरडे वर्तमानपत्र वा गवत घालून ठेवावे. खोके वाऱ्याच्या झोताबाहेर, कोरड्या व मध्यम उबदार खोलीत असावे. शेगडी नको, फरशीवरचा गारठाही नको. खोक्याखाली पोते किंवा फळी घातली तरी पुरे. काही खाऊ घालू नये, सारखे हाताळू नये. ते कोठे व केव्हा सापडले याची लेखी नोंद करावी, म्हणजे पुढे त्याला योग्य ठिकाणी पोहोचविता येते.

शाळांमधून हा विषय सहज शिकविता येण्यासारखा आहे. त्यासाठी कासव पकडून आणण्याची आवश्यकता नाही. एक तापमापक उघड्या हवेत आणि दुसरा हातभर खोल मातीत ठेवून पहाटे, दुपारी व सायंकाळी मुलांना नोंदी घ्यावयास लावाव्यात. हवेचा पारा वर-खाली होत असताना मातीतील पारा जवळजवळ स्थिर राहतो, हे मुलांना आठवडाभरात दिसून येईल. दोन सारख्या बाटल्यांत गार पाणी भरून त्यांतील एकीला घोंगडीचा तुकडा गुंडाळावा व दोन्ही सावलीत ठेवाव्यात. घोंगडी पाण्याला तापवीत नाही, हे मुलांना स्वतःच उमगेल. कासव मातीत का शिरते आणि गोणपाटात का उबत नाही, याचे उत्तर या दोन प्रयोगांतून मिळते.

कासवाला वाचविणारी ऊब ही ऊन, माती आणि कोरडा आडोसा यांची असते. जेथे कायद्याने व गरजेने कासव माणसाच्या ताब्यात आहे, तेथे या तिन्हींची जोड त्याला नीट समजून-उमजून द्यावी. इतरत्र ती त्याच्या रानात व तळ्यात निसर्गाने आधीच देऊन ठेवलेली आहे. देवळातील दगडी कासवाला नमस्कार करणाऱ्या हातांनी जिवंत कासव त्याच्या जागी राहू दिले, तर त्या नमस्काराला खरा अर्थ प्राप्त होईल.